राबणाऱ्या कमरेसाठी योग : खानदेशातल्या माणसांसाठी पायरीपायरीने

कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बायका पाहा. कापूस भरायला कमरेला बांधलेली कापडाची ओटी सुटलेली असते, कापूस मोजून झालेला असतो, पण चालताना एक हात कमरेच्या मागे टेकलेला असतोच. घरी पोचल्यावर ओट्यावर बसण्याआधी त्या क्षणभर थांबतात, दोन्ही तळहात कमरेवर ठेवून मागे वाकतात आणि तोंडातून "माय वं" निघतं.

ते मागे वाकणं कुणी शिकवलेलं नसतं. दिवसभर पुढे वाकलेलं अंग आपणहून उलट दिशेला जायला मागतं. मी यावल तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सकाळी योगवर्ग घेते. वर्गात मी जे शिकवते, त्याचं मूळ या एका हालचालीत आहे.

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, आम्ही पहाटेपासून राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला? ते शहरातल्या बसून राहणाऱ्यांचं काम." मला हा प्रश्न रास्त वाटतो आणि मी त्याचं उत्तर नीट देते. कष्टात तेच तेच स्नायू, त्याच दिशेने, हजार वेळा वापरले जातात. वेचणीत कंबर पुढेच वाकते, मागे कधीच नाही. केळीचा घड ज्या खांद्यावर घ्यायची सवय असते, त्याच खांद्यावर वर्षानुवर्षं जातो. १६ लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याचे खांदे पुढे ओढले जातात आणि एक हात सारखा दांडा मारत राहतो. जळगावच्या सराफ बाजारात दागिना घडवणारा कारागीर मान खाली घालून बसतो, मुंबई–आग्रा महामार्गावरचा ड्रायव्हर गुडघे दुमडून. अंग दमतं, घाम निघतो, पण सांधा ज्या दिशेला दिवसभर गेलेलाच नाही, तिथे तो हळूहळू आखडतो. योगासनं त्या राहिलेल्या दिशांना अंग नेतात. म्हणून राबणाऱ्या माणसाला त्यांची गरज जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

शरीरात नेमकं काय होतं

आधी पाठीचं बोलू, कारण वर्गातली निम्मी माणसं पाठीसाठीच येतात. अमळनेरकडून सून म्हणून आलेली एक बाई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "ताई, मनी कंबर दुखी राह्यनी." पुढे तिला काही सांगावंच लागलं नाही.

कमरेत पाच मणके आहेत आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूने जे पोषण झिरपतं त्यावर ती जगते. गादीवरचा दाब कमीजास्त होत राहिला तर हे झिरपणं चांगलं चालतं. एकाच स्थितीत तासन्‌तास वाकून राहिलं की दाब एकाच बाजूला पडून राहतो. कणा पुढे, मागे, दोन्ही कुशींना आणि पिळून असा सगळ्या बाजूंनी हळुवार हलवला, तर गादी, स्नायू, बंध सगळ्यांनाच आराम पडतो. जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने २०१७ साली योगाचा समावेश केला. म्हणजे हा आता फक्त आपल्या अभिमानाचा विषय राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. ही मी वर्गात सांगत नाही, करून दाखवते. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची तीन बोटं ठेवा, नाडी सापडू द्या. आता सावकाश श्वास आत घ्या, नाडी किंचित घाईत येईल. त्याहून सावकाश बाहेर सोडा, नाडी मंदावेल. तरुणांना हे चटकन कळतं, वय झालेल्यांना थोडं लक्ष द्यावं लागतं. पहिल्यांदा हे बोटांखाली लागलं की माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. हृदय आपल्या हुकमात नाही, पण श्वास आहे आणि श्वासाच्या मार्गाने हृदयापर्यंत पोचता येतं. सावकाश श्वसनाचा सराव रोज ठेवला तर रक्तदाब थोडा उतरायला मदत होते, झोप सुधारते. मी 'थोडा' म्हणते आहे, ते तसंच वाचा.

बाकीचे फायदे पटकन सांगते. तोल सुधारतो, म्हणून उतारवयात पडण्याचा धोका कमी होतो. मांड्यांची, पोटाची, पाठीची ताकद वाढते. पवनमुक्तासनासारख्या आसनांनी गॅस मोकळा होतो, हे करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर वापरतात, म्हणून मधुमेहात औषध, आहार यांच्या जोडीला योगाचा उपयोग होतो.

योगाने काय होत नाही, तेही सांगायला हवं. नुसत्या संथ आसनांनी वजन झपाट्याने उतरत नाही. त्यासाठी चालणं लागतंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल सांगते, ती वेगळी धरा. झिजलेला गुडघा आसनांनी नवा होत नाही. आणि साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी योग सुरू केला म्हणून बंद करायची नसते. आमच्या वर्गातल्या एका आप्पांनी दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून स्वतःच्या मनाने रक्तदाबाची गोळी सोडली. पंधरा दिवसांत डोकं गरगरून ओट्यावरच बसले आणि त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. गोळी कमी करायची की नाही, हे मोजमाप पाहून डॉक्टरच ठरवतील.

हे मोजण्याचं वळण आपल्या भागाला नवं नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, त्याआधी आपल्या अमळनेरला शिक्षक होते. नौली आणि उड्डियान या पोट आत ओढून करायच्या क्रियांत पोटात काय घडतं, हे त्यांनी एक्स-रे आणि दाब मोजायची साधनं लावून तपासलं. योग करून पाहावा आणि मोजूनही पाहावा, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. या लेखाच्या शेवटी मी वहीत तीन आकडे लिहायला सांगणार आहे, ते त्याच वाटेने.

आधी कुणी विचारून घ्यावं

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, अलीकडे झालेलं ऑपरेशन, गर्भारपण, मानेच्या मणक्याचा त्रास किंवा ठिसूळ हाडं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग शिकवणाऱ्याच्या कानावर घाला. अशांनी शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं यांच्या वाटेला जाऊ नये. खाली दिलेल्या क्रमात यातलं काहीच ठेवलेलं नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या माणसाला अंगातलं पाणी कमी होणं, अति दमणं आणि गारठा हे तिन्ही त्रासाचे. त्यांनी सराव हलका ठेवावा, जवळ पाणी ठेवावं, थंडीत अंगावर पांघरूण घेऊनच शवासन करावं, आणि हेही दवाखान्यात सांगून.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर आसनं नकोत. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. छातीत दुखून घाम फुटला तर तेच.

जागा, वेळ, कपडे

मे महिन्यात जळगाव–भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात तर सकाळी आठलाच जीव नकोसा होतो. म्हणून उन्हाळ्यात सराव सूर्य उगवायच्या आत आटोपायचा. पहाटे साडेपाचला ओट्यावर किंवा घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, जी गार झुळूक असते, तिचा उपयोग करा. हिवाळ्यात उलट. धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा अंग आखडलेलं असतं. पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग तापवल्याशिवाय वाकू नका.

वेगळी मॅट हवीच असं नाही. घडी घातलेली सतरंजी पुरते, गोधडी गुडघ्याखाली घ्यायला उत्तम. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सतरंजी सरकत नाही. फरशीवर सरकते, तिथे जपा. बायकांनी सलवार-कुर्ता घातला तर बरं, पण नऊवारीतल्या आज्यांना मी कधी घरी परत पाठवलेलं नाही. त्यांना खुर्चीवर आणि भिंतीशी करता येईल असं पुष्कळ आहे.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले बरे. सकाळी अर्धा कप चहा झाला असेल तर अर्ध्या तासाने सुरू करा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र फार वेळ उपाशी राहून सराव करू नये. खिशात गुळाचा खडा ठेवावा.

एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल, तर त्या दिवशी बांधावर बसून प्राणायाम करू नका. स्वतः फवारणी करून आला असाल तर आधी साबणाने अंघोळ, कपडे वेगळे, आणि प्राणायाम दुसऱ्या दिवशी. चुलीच्या धुरातही नको. दीर्घ श्वास म्हणजे हवेत जे असेल ते सगळं खोलवर आत.

क्रम : सुमारे चाळीस मिनिटं

पतंजलींनी आसन म्हणजे काय ते 'स्थिर' आणि 'सुख' या दोनच शब्दांत सांगितलं आहे. मी शिकवताना याची सोपी खूण देते. कपाळाला आठी पडली किंवा श्वास अडकला की तुम्ही पुढे गेलात, एक बोटभर मागे या. ताण जाणवणं ठीक, कळ येणं चूक. विशेषतः पायात मुंग्या उतरवणारी कळ आली तर ते आसन त्या दिवशी सोडून द्या.

पहिली पायरी, सांधे मोकळे करणं, पाच मिनिटं. उभे राहून किंवा बसून मनगटं गोल फिरवा, मुठी उघडा-मिटा. वेचणाऱ्या बोटांना हे फार लागतं. खांदे कानांपर्यंत उचला आणि सैल सोडा, दहा वेळा. मान पुढे-मागे, डावी-उजवी हळू वळवा. गरागरा फिरवू नका, त्याने चक्कर येते. पायाचे घोटे दोन्ही दिशांनी फिरवा.

दुसरी, ताडासन. पाय वीतभर अंतरावर, दोन्ही तळव्यांवर सारखा भार. श्वास घेत दोन्ही हात कानांशेजारून वर, बोटं गुंफून तळवे आभाळाकडे. टाचा उचलता आल्या तर उचला, नाहीतर राहू द्या. पाच श्वास. घड वाहणाऱ्या माणसाला इथे कळतं की त्याचा एक खांदा वर जातो आणि दुसरा जातच नाही. जो अडतो त्याला दामटू नका, रोज दोन बोटं पुढे नेत राहा.

तिसरी, अर्धकटिचक्रासन. उजवा हात वर, तळवा डोक्याकडे, डावीकडे वाका. पुढे झुकायचं नाही, दोन भिंतींच्या मधून वाकतो आहोत असं समजा. तीन श्वास, मग दुसरी बाजू. बरगड्यांच्या मधली जागा उघडते आणि श्वास भरायला वाव मिळतो.

चौथी, वृक्षासन. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. नजर समोर एका ठिकाणी, देवळाच्या खांबावर म्हणा. एका पायावर भार घेऊन दुसऱ्याचा तळवा घोट्याजवळ, पोटरीवर किंवा मांडीवर ठेवा. गुडघ्यावर कधीच नाही, तिथे आडवा दाब बसतो. तोल गेला तर भिंतीला बोट लावा. साठीच्या पुढच्यांसाठी या क्रमातलं सगळ्यात मोलाचं आसन मी हेच मानते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की म्हातारं माणूस खाटेला खिळतं, आणि तो पाय सावरण्याची तयारी इथे होते.

पाचवी, मार्जारासन. गोधडीवर गुडघे आणि तळहात टेकून ओणवे व्हा. हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. श्वास घेताना पोट खाली सैल, छाती आणि नजर वर. श्वास सोडताना पाठीची कमान वर, हनुवटी छातीकडे. मांजर झोपेतून उठताना करते तसंच. दहा वेळा, श्वासाच्या लयीत. ज्याला वेळ नाही, त्याने बाकी सगळं सोडून एवढं तरी करावं.

सहावी भुजंगासन, आणि इथे मी थांबते. राबणाऱ्या पाठीचं खरं औषध हेच, पण बहुतेक जण ते चुकीचं करतात.

पालथे झोपा. कपाळ सतरंजीला, पाय मागे लांब, पायांची नखं जमिनीला. तळहात बरगड्यांच्या शेजारी, कोपरं अंगाला चिकटलेली. आता हातांवर अजिबात जोर न देता, फक्त पाठीच्या बळावर आधी कपाळ, मग हनुवटी, मग छाती उचला. जेमतेम वीतभर उठाल, तेवढंच तुमचं खरं भुजंगासन. बेंबी जमीन सोडत नाही. खांदे कानांपासून लांब, मान लांब, नजर समोरच्या जमिनीवर. तीन श्वास घ्या, श्वास सोडत खाली या, गाल टेकवून सैल पडा. असं तीन वेळा.

लोक काय करतात? हात ताठ करून वर उठतात आणि मान मागे टाकतात. दिसायला छान, पण सगळा मोड कमरेच्या शेवटच्या एक-दोन मणक्यांत येतो आणि पाठीचा वरचा भाग, जो खरोखर आखडलेला आहे, तो जागचा हलतही नाही. तपासायची सोपी रीत आहे. वर असताना दोन्ही तळहात जमिनीपासून कागदभर उचलून पाहा. छाती खाली आपटली तर तुम्ही हातांवर होता, पाठीवर नव्हता. ओणवं राहून दुखणारी कंबर यात मोकळी होते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. पण मागे वाकल्यावरच दुखतं किंवा पाय जड होतात, असं ज्यांचं आहे त्यांनी हे सोडून थेट पुढच्या आसनाकडे जावं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलेली बाई आठवा. दोन्ही हात वर दोरांना, छाती उघडी, मान सैल, झोका पुढे गेला की अंग मागे. वर्षातून एकदा आपल्या बायकांची छाती अशी उघडते. भुजंगासनात ती रोज उघडते.

सातवी, सेतुबंधासन. उताणे, गुडघे दुमडून पाय खुब्यांजवळ. श्वास घेत कंबर उचला, पाच श्वास, एकेक मणका टेकवत खाली. मांड्यांचा मागचा भाग आणि बैठकीचे स्नायू यात घट्ट होतात. हेच स्नायू झोपी गेले की ओझं उचलताना सगळा भार कमरेवर येतो.

आठवी, पवनमुक्तासन. उताणे पडून एक गुडघा छातीशी, मग दुसरा, मग दोन्ही. मागे वाकल्यानंतर कंबर पुढे सैल करायला हे हवंच. शेवभाजी किंवा भरीत-भाकरीचं जेवण आदल्या रात्री जरा जास्त झालं असेल, तर याचा उपयोग तुम्हालाच कळेल.

वज्रासन, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं, जेवणानंतर करायला सांगतात, ते ठीक आहे, पण गुडघे झिजलेल्यांनी अट्टहास करू नये. टाचा आणि खुब्यांच्या मध्ये गोधडीची घडी घ्या. तरीही दुखलं तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गल्लीत फेरी मारा. साखरेसाठी ती जास्त चांगली.

सूर्यनमस्कार ज्यांना येतात त्यांनी ताडासनाच्या आधी तीन ते सहा घालावेत. तो खरा दमाचा व्यायाम आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिला महिना त्याकडे वळू नये.

शेवटी शवासन, म्हणजे उताणे सैल पडून राहणं, निदान पाच मिनिटं. वर्गातले पुरुष हे टाळायला बघतात, "पाणी द्यायला जायचंय" म्हणून उठतात. ज्या अंगाला आत्ताच ताणलं, त्याला सैल व्हायला वेळ द्यायला हवा. पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी.

श्वासाची दहा मिनिटं

मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पाठ सरळ ठेवा. एक हात पोटावर, एक छातीवर. श्वास घेताना पोटावरचा हात पुढे यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. बऱ्याच जणांचं उलट असतं, पोट आत ओढलं जातं. हे सुधारेपर्यंत पुढे जाऊ नका, आठवडा लागला तरी चालेल.

मग मोजणी. चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद. म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. पाच मिनिटं एवढंच करा. गुदमरल्यासारखं वाटलं तर तीन आणि चारवर या.

त्यानंतर अनुलोम-विलोम तीन मिनिटं, श्वास न रोखता, डाव्या नाकपुडीतून आत, उजवीतून बाहेर, उजवीतून आत, डावीतून बाहेर. झोप येत नसेल तर रात्री पाच वेळा भ्रामरी, ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव.

उन्हाळ्यात शीतली करतात. जिभेची नळी करून तिच्यातून श्वास आत, नाकाने बाहेर. नळी होत नसेल तर दात जुळवून फटींतून आत. ओल्या जिभेवरून हवा गेली की माठातल्या पाण्यासारखाच गारवा येतो. पण याने उष्माघात टळत नाही. त्यासाठी सावली, पाणी, मीठ-साखरेचं पाणी आणि दुपारी बारा ते चार वावरात न जाणं हेच खरे उपाय. धुळीच्या दिवसांत आणि दमेकऱ्यांनी शीतली करू नये.

बांधावरची दोन मिनिटं

वेचणीच्या हंगामात चाळीस मिनिटं कुणाला मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा घरचा सराव मार्जारासन, भुजंगासन आणि पवनमुक्तासन एवढा ठेवा, दहा मिनिटांत होतो. वावरात तास, म्हणजे कापसाची ओळ, संपून वळताना ओटी मोकळी करा, तळहात कमरेवर ठेवून पाच वेळा हळू मागे वाका, हात वर ताणा, मुठी उघडा-मिटा. ओटी फार भरू देऊ नका. पुढे लोंबणारं वजन कमरेला जास्त त्रास देतं. एका तासाला उजव्या हाताने जास्त वेचलं तर दुसऱ्याला डाव्याने. घड उचलताना गुडघ्यांतून बसा, घड छातीजवळ घ्या, श्वास सोडत उठा, आणि वजन हातात असताना कंबर पिळू नका, पाय फिरवा.

माझ्या हातून झालेली चूक

वर्ग सुरू करण्यापूर्वी मी एका शिबिराला गेले होते. तिथे पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, माझं डोकं गुडघ्याला लागत नव्हतं. शेजारच्या मुलींचं लागत होतं. शिकवणाऱ्याने मागून पाठीवर दाब दिला, मी नको म्हटलं नाही. मांडीच्या मागे काहीतरी तुटल्यासारखं झालं. पुढचे दोन महिने जिना चढताना मी कठडा धरत होते. तेव्हापासून माझ्या वर्गात कुणाच्याही पाठीवर हात ठेवून दाबलं जात नाही, आणि डोकं गुडघ्याला लावायची स्पर्धा चालत नाही. तुमच्या अंगावर कुणी जोर देत असेल तर स्पष्ट नको म्हणा, शिकवणारा कितीही मोठा असो.

वही

पहिल्या दिवशी शाळेची एक जुनी वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा. भिंतीशेजारी उभे राहून, डोळे उघडे ठेवून एका पायावर किती सेकंद राहता, दोन्ही पायांचं वेगळं. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठताना किती आधार लागतात, एक हात, दोन हात की गुडघाही. आणि रात्री कमरेच्या दुखण्याने किती वेळा जाग येते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी उपकेंद्रात मोजलेला आकडाही लिहावा. दर रविवारी पुन्हा तेच. आठवड्यातून पाच दिवस सराव झाला तर पुष्कळ. चार-सहा आठवड्यांआधी फरक शोधू नका. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर दुखण्याचं कारण दुसरं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गल्लीतल्या एका मोठ्यामायच्या वहीचं पहिलं पान मी परवा पाहिलं. डावा पाय, ४ सेकंद. उठताना, दोन हात आणि सुनेचा खांदा. वर्ष होत आलं. यंदा कानबाईच्या सणाला रोटांच्या नैवेद्यासाठी दळण निवडायला त्या सगळ्यांबरोबर खाली सतरंजीवर बसल्या, दोन तास बसल्या, आणि सून हात द्यायला पुढे झाली तोवर एका हाताच्या आधाराने उभ्याही राहिल्या. रविवारच्या पानावर त्यांनी नातीकडून लिहून घेतलं : डावा पाय २२, उजवा १९, उठताना एक हात.